घाईने वाजवू नये: स्कॉट जॉप्लिनचे रॅग

रॅगटाइम या पियानोसंगीताचा अमेरिकी कृष्णवर्णीय रचनाकार स्कॉट जॉप्लिन याच्या १९०५ नंतर छापल्या गेलेल्या अनेक रचनांच्या पहिल्या पानावर वाजवणाऱ्यासाठी एक सूचना आढळते. ही रचना जलद वाजवू नका, रॅगटाइम जलद वाजवणे कधीही योग्य नसते, अशा अर्थाची ती दोन वाक्ये आहेत. पाश्चात्त्य संगीताच्या छापील पानावर लय सांगण्यासाठी एरवी एखादा इटालियन शब्द पुरतो. येथे मात्र रचनाकाराने पूर्ण वाक्ये लिहिली आणि ती एकाच रचनेपुरती न ठेवता पुन्हा पुन्हा छापून घेतली. आपले संगीत आपल्यामागे कसे वाजवले जात आहे हे कानावर पडत असल्याशिवाय कोणी असे करणार नाही. जॉप्लिनच्या रचना मी गेली काही वर्षे ऐकतो आहे आणि घरच्या की-बोर्डवर, जमेल तशा, वाजवतोही आहे. त्यांच्याकडे जाण्याची वाट या सूचनेतूनच जाते, असे मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागले आहे.

सूचनेची गरज का पडली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांच्या खोऱ्यातील गावांमध्ये, दारूच्या गुत्त्यांत आणि नाचाच्या ठिकाणी, कृष्णवर्णीय पियानोवादक एका नव्या ढंगाने वाजवू लागले होते; तोच रॅगटाइम, आणि त्यातली रचना म्हणजे रॅग. त्यांच्यापैकी अनेकांना स्वरलेखन येत नव्हते. एकमेकांवर कडी करण्याच्या चढाओढी होत आणि त्यांत बोटांच्या वेगाला मोठे मोल असे. १८९७ मध्ये रॅग या नावाखाली रचना छापल्या जाऊ लागल्या आणि त्याच वर्षाअखेरीस टॉम टर्पिन या सेंट लुईच्या कृष्णवर्णीय वादकाचा ‘हार्लेम रॅग’ प्रसिद्ध झाला. लवकरच सारा देश या संगीतावर नाचू लागला. पण अशा छापील प्रतींच्या मुखपृष्ठांवर कृष्णवर्णीयांची जी विद्रूप चित्रे काढली जात ती आज पाहवत नाहीत. संगीतशिक्षक आणि वर्तमानपत्रे या प्रकाराला हलका, बिघडवणारा म्हणत असत. एकीकडे हसे आणि दुसरीकडे तिरस्कार यांच्यामध्ये उभे राहून जॉप्लिन सांगत होता की हे संगीत सावकाश वाजवा. माझे स्वर नीट ऐकले जावेत, एवढीच त्याची मागणी होती आणि त्या काळी ती फार मोठी होती.

रॅगची बांधणी समजायला अवघड नाही. दोन ठोक्यांचा ताल असतो. डावा हात ठोक्यावर खाली खर्जातला स्वर वाजवतो आणि लगेच वर उडी घेऊन दोन ठोक्यांच्या मधोमध स्वरसंघ, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, वाजवतो. खाली, वर, खाली, वर, असा हा प्रवास अखंड चालतो. हा भाग लष्करी बँडच्या कूचगीतांतून आलेला आहे. उजवा हात त्या ठाम चालीवर सुरावट मांडतो, परंतु तिचे आघात ठोक्यावर पडू देत नाही. स्वर ठोक्याच्या किंचित आधी येतो आणि ठोका ओलांडून लांबतो. तबल्याची संगत ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट परकी वाटू नये. समेच्या आधीच येऊन उतरण्याला आपल्याकडे अनागत म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात सम पक्की असेल तरच त्यातली गंमत पोहोचते. रॅगमध्ये ती सम डाव्या हाताने राखलेली असते. वेग वाढवला की दोन आघातांमधले अंतर इतके आकसते की आधी आलेला स्वर आधी आला हे कळतच नाही आणि हाती उरतो तो नुसता खडखडाट. जॉप्लिनच्या सूचनेमागे हे साधे गणित आहे.

‘मेपल लीफ रॅग’चा पहिलाच भाग घ्या. सोळा मात्रागटांच्या (दोन ठोक्यांचा एक मात्रागट) त्या भागात सुरुवातीला सूर उजळ, जवळजवळ मिरवणारा आहे. मग पाचव्या मात्रागटापाशी स्वरसंघ अचानक बदलतो, एक काळोखी छटा येते आणि तळातून निघालेली एक आकृती दोन्ही हातांमधून सप्तकामागून सप्तक वर चढत जाते. वर पोहोचल्यावर सुरावट पुन्हा उजेडात येते आणि मुक्कामाला लागते. या अर्ध्या मिनिटात एक पूर्ण नाट्य आहे. मी हा भाग प्रथम ऐकला तो एका भरधाव ध्वनिमुद्रणात आणि त्यात ती वर चढणारी आकृती नुसता एक झटका वाटत होती. पुढे स्वतः वाजवू लागल्यावर, डाव्या हाताच्या उड्या नेमक्या पडाव्यात म्हणून लय निम्मी करावी लागली आणि त्या सक्तीच्या संथपणात एकेक स्वरसंघ आपले काम करताना ऐकू आला. चार सुरावटी, प्रत्येक सोळा मात्रागटांची. पहिल्या दोन दोनदा, मग पहिली परत एकदा, मग तिसरी वेगळ्या षड्जावर, मग चौथी. एवढ्या आखीव चौकटीत एकही जागा भरताड म्हणून ठेवलेली नाही.

ही रचना लिहिणारा माणूस १८६७ किंवा १८६८ मध्ये ईशान्य टेक्ससमध्ये जन्मला. वडील गुलामगिरीत जन्मलेले होते आणि व्हायोलिन वाजवत. आई फ्लॉरेन्स गात असे आणि बँजो वाजवत असे. टेक्सरकाना गावात आई गोऱ्यांच्या घरी साफसफाईची कामे करी आणि तेथील पियानोवर मुलाला हात फिरवायला मिळे. ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन यहुदी शिक्षकाने त्याला मोबदला न घेता शिकवले आणि युरोपीय संगीताची, ऑपेराचीही, ओळख करून दिली. जॉप्लिनच्या साऱ्या आयुष्यात जी ओढ दिसते, म्हणजे आपल्या लोकांचे नाचगाणे कागदावर उतरवून त्याला ऑपेराच्या पंक्तीत बसवण्याची, तिचे मूळ या शिकवणीत असावे.

१८९४ च्या सुमारास तो मिसुरीतल्या सिडेलिया या रेल्वेच्या गावी आला. तेथे त्याने बँडमध्ये कॉर्नेट वाजवला, मेपल लीफ क्लब नावाच्या ठिकाणी पियानो वाजवला, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात संगीताचे शिक्षण घेतले आणि आर्थर मार्शल व स्कॉट हेडन या तरुणांना शिकवले. मार्च १८९९ मध्ये ‘ओरिजिनल रॅग्ज’ ही रचना कॅन्सस सिटीत छापली गेली, पण तिच्या मुखपृष्ठावर रचना बांधल्याचे श्रेय दुसऱ्याच माणसाला दिलेले होते. पुढच्या वेळी त्याने काळजी घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी सिडेलियातील वाद्यांचे दुकानदार जॉन स्टार्क यांच्याशी ‘मेपल लीफ रॅग’चा करार झाला आणि त्यात प्रत्येक प्रतीमागे एक सेंट जॉप्लिनला द्यायचे ठरले. काही डॉलर हातावर ठेवून रचना कायमची विकत घेण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. कृष्णवर्णीय रचनाकाराला मानधनाचा वाटा मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. पहिल्या वर्षी सुमारे चारशेच प्रती खपल्या, पण दहा वर्षांत हा आकडा पाच लाखांवर गेल्याचे मानले जाते. एका प्रतीचा एक सेंट या दराने ती रक्कम वर्षाकाठी सरासरी पाचशे डॉलर होते. श्रीमंती आणणारी ती नव्हे, पण त्या जोरावर गुत्त्यात वाजवणे सोडून लिहायला बसता येत होते.

त्यानंतरच्या दशकातली कामगिरी पाहताना मला प्रथम जाणवते ती विविधता. ‘द एंटरटेनर’ (१९०२) जगभर लहान मुलांच्या बोटांखाली जातो आणि म्हणूनच कदाचित तो कोणी मनापासून ऐकत नाही. ‘द कॅस्केड्स’ सेंट लुईच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातील कृत्रिम धबधब्यांवर बेतलेला आहे. ‘वॉल स्ट्रीट रॅग’च्या (१९०९) भागांना बाजार कोसळल्यापासून दलाल आपली चिंता विसरेपर्यंतच्या अवस्थांची नावे दिली आहेत, कल्पना छान आहे, तरी मला ती रचना नावांवरच अधिक जगते असे वाटते.

ज्यांच्यापाशी मी थांबतो त्या रचना वेगळ्या आहेत. जून १९०४ मध्ये जॉप्लिनने फ्रेडी अलेक्झांडर या तरुणीशी विवाह केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती न्यूमोनियाने गेली. तिला अर्पण केलेल्या ‘द क्रिसँथमम’ या रचनेखाली त्याने ‘आफ्रो-अमेरिकन इंटरमेत्झो’ असे लिहिले होते. त्यानंतरच्या वर्षी ‘बेथेना’ आले. हा रॅग नाही, वॉल्ट्झ आहे, तीन ठोक्यांचा. पण तीन ठोक्यांतही जॉप्लिनने आघात पुढेमागे सरकवले आहेत, त्यामुळे सुरावट पाऊल टाकता टाकता क्षणभर अडखळते. मुख्य सूर जातो, दुसऱ्या षड्जावरच्या नव्या सुरावटी येतात आणि त्यांच्यानंतर तो पुन्हा येतो. प्रत्येक वेळी त्याच्यात काहीही बदललेले नसते, तरीही मधे जे ऐकलेले असते त्यामुळे तो अधिक जड होऊन परततो. ‘बेथेना’ला फ्रेडीचा शोक म्हणावे का, यावर मी आग्रह धरणार नाही, तसे लिहून ठेवलेले नाही. दुःखाला इतकी संयत आणि इतकी नाचरी घडण देणारी पियानोरचना मात्र मला दुसरी माहीत नाही.

‘हेलिओट्रोप बुके’ (१९०७) ही रचना जॉप्लिनने लुई शोव्हाँ याच्या साथीने केली. शोव्हाँ हा सेंट लुईचा विलक्षण वादक होता. त्याला संगीत लिहिता-वाचता येत नव्हते आणि १९०८ मध्ये, पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच, तो वारला. या रचनेतल्या पहिल्या दोन सुरावटी त्याच्या आणि नंतरच्या दोन जॉप्लिनच्या, असे मानले जाते. पहिली सुरावट हबानेरा या क्यूबन नृत्याच्या डुलत्या चालीवर तरंगते आणि मधे मधे श्वास घेतल्यासारखी थांबते. शोव्हाँच्या नावावर छापील अशा तीनच रचना आहेत. तो रात्र रात्र जे वाजवत असे ते ऐकणाऱ्यांबरोबर संपले, आणि त्याच्या पियानोतल्या या दोन सुरावटी आपल्याला मिळाल्या त्या शेजारी बसून कोणीतरी त्या लिहून घेतल्या म्हणून. कंठातून कंठात जाणाऱ्या विद्येचा अभिमान आपल्याला असतो आणि तो योग्यही आहे, परंतु त्या साखळीची एखादी कडी अकाली तुटली की काय होते तेही आपल्या घराण्यांनी पाहिले आहे. जॉप्लिनची कागदावरची निष्ठा मला येथे पूर्णपणे पटते.

१९०७ मध्ये जॉप्लिन न्यूयॉर्कला गेला. पुढल्या वर्षी त्याने ‘स्कूल ऑफ रॅगटाइम’ नावाची सहा पाठांची छोटी पुस्तिका स्वतः प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की तुच्छतेने ज्याला रॅगटाइम म्हटले जाते तो शोध टिकण्यासाठीच आला आहे, आणि त्याच्यावर विटा भिरकावणे म्हणजे संगीताची जाण असे आता कोणी समजू नये. पाठांमध्ये मूळ सुरावटीच्या वर ती ठोक्यांप्रमाणे सरळ मांडून दाखवलेली आहे, म्हणजे कोणता स्वर कोठून कोठे सरकला ते विद्यार्थ्याला दिसते. स्वरांना लिहिलेली पूर्ण लांबी द्या, हे येथेही त्याने बजावले आहे.

त्याच सुमारास स्टार्कच्या न्यूयॉर्कमधील दुकानात जोसेफ लँब नावाचा एक गोरा तरुण जॉप्लिनच्या रचना विकत घेण्यासाठी येत असे. तेथेच त्याची जॉप्लिनशी गाठ पडली. जॉप्लिनने त्याच्या रचना ऐकल्या आणि १९०८ मध्ये लँबचा ‘सेन्सेशन’ छापला गेला तेव्हा खप व्हावा म्हणून मुखपृष्ठावर बांधणी करणारा म्हणून आपले नाव घालू दिले. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या रचनेवर परक्याचे नाव पाहिलेल्या माणसाने हे केले, याचे मला फार मोल वाटते. लँब, जेम्स स्कॉट आणि जॉप्लिन ही तीन नावे आज अभिजात रॅगच्या संदर्भात एकत्र घेतली जातात. लँबच्या रचना घनदाट आणि रसाळ आहेत, जेम्स स्कॉटच्या झगझगीत. जॉप्लिनइतकी मोकळी जागा दोघांच्याही सुरांत नाही.

जॉप्लिनची खरी महत्त्वाकांक्षा ऑपेराची होती. कृष्णवर्णीयांचे पुढारी आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना १९०१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावले आणि त्यावरून दक्षिणेत गहजब झाला, त्या प्रसंगावर त्याने ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ हा ऑपेरा लिहिला. फेब्रुवारी १९०३ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज गेला, पण प्रत दाखल झाली नाही आणि आज तो ऑपेरा उपलब्ध नाही. दुसरा, ‘ट्रीमोनिशा’, त्याने १९११ मध्ये स्वखर्चाने छापला; दोनशे तीस पानांचा तो ग्रंथ छापला म्हणूनच वाचला.

कथा १८८४ मधल्या आर्कान्सातल्या एका मळ्यावर घडते. नेड आणि मोनिशा या निपुत्रिक जोडप्याला झाडाखाली एक बालिका सापडते. तिला शिकवावे म्हणून मोनिशा एका गोऱ्या बाईच्या घरचे धुणे-इस्त्री करते आणि नेड लाकडे फोडतो. शिकलेली ट्रीमोनिशा गावाला तोडगे आणि नशिबाच्या पुड्या विकणाऱ्या भोंदूंविरुद्ध उभी राहते, ते तिला पळवून नेतात, तिची सुटका होते आणि ती अपराध्यांना शिक्षा न करता सोडायला लावते. शेवटी स्त्रीपुरुष मिळून तिला आपली पुढारी निवडतात. आईच्या घरकामाच्या बदल्यात मिळालेली विद्या जॉप्लिन विसरला नव्हता, हे येथे उघड आहे. मराठी वाचकाला मात्र आणखी एक आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. जॉप्लिन टेक्ससमध्ये पाच-सहा वर्षांचा होता तेव्हा, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केली. जॉप्लिनला फुले माहीत असण्याचे कारण नाही. पण शिक्षण, भोळ्या समजुतींतून सुटका आणि त्या कामात स्त्रीचे पुढारपण हा विचार ज्या भूमीत आपल्याकडे रुजला, तिच्याशी ‘ट्रीमोनिशा’चे नाते जुळते. म्हणून आमच्यासारख्यांना हा ऑपेरा भाषांतराशिवाय कळावा, असे मला नेहमी वाटते.

अखेरच्या अंकात ‘अ रिअल स्लो ड्रॅग’ हे नृत्यगीत येते. नेता निवडल्यावर सारे गाव नाचते आणि ते धीम्या चालीवर, पाऊल घासत, पुढे सरकत नाचते. कोणाही नाटककाराने या ठिकाणी धूमधडाका योजला असता. जॉप्लिनने आपल्या आयुष्याच्या सर्वांत मोठ्या कामाचा शेवट संथ लयीत केला. १९१५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम या भागात नेपथ्य आणि वाद्यवृंद यांशिवाय, स्वतः पियानोवर बसून, त्याने ऑपेराचा प्रयोग लोकांपुढे ठेवला; कोणी पाठीशी उभे राहिले नाही. त्याची वाद्यवृंदासाठीची मूळ मांडणीही टिकली नाही.

सिफिलिसने त्याचे शरीर आणि मन खचत गेले. १९१६ मध्ये त्याच्या हाताने काही पियानो रोल तयार झाले, म्हणजे वादनाचे आघात छिद्रांनी टिपणाऱ्या कागदाच्या गुंडाळ्या. त्यांतील ‘मेपल लीफ रॅग’च्या एका रोलमध्ये हात डळमळताना ऐकू येतो. काही लोक तो कुतूहल म्हणून ऐकवतात. मला तसे करावेसे वाटत नाही. १ एप्रिल १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटलमध्ये तो वारला. त्याच्या क्वीन्समधील कबरीवर १९७४ पर्यंत नावाचा दगड नव्हता. मधल्या काळात जॅझने रॅगला मागे सारले होते आणि ज्यांनी तो वाजवला त्यांनी बहुधा जुन्या बारमधल्या बेसूर पियानोची नक्कल म्हणून, भरधाव, वाजवला.

१९७० मध्ये जोशुआ रिफ्किन या वादकाने जॉप्लिनच्या रॅगची तबकडी काढली. त्याने स्वरलेखातील प्रत्येक सूर, लिहिल्याप्रमाणे, मोकळ्या लयीत वाजवला. श्रोत्यांना त्या सुरांत एकदम खिन्नता, विनय आणि घडणीतली बारकाई ऐकू आली. १९७३ मध्ये ‘द स्टिंग’ या चित्रपटाच्या संगीतातून या रचना घरोघर पोहोचल्या, ‘ट्रीमोनिशा’ १९७२ मध्ये अटलांटात आणि १९७५ मध्ये ह्यूस्टनमध्ये रंगमंचावर आला आणि १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले.

माझ्या मते त्याची सर्वांत पक्व पियानोरचना ‘मॅग्नेटिक रॅग’ आहे, १९१४ मध्ये त्याने स्वतःच छापलेली. लयीची खूण इटालियनमध्ये आहे आणि ती फार पुढे जाऊ नये असेच सांगते. सुरुवातीची सुरावट इतकी हलकी आहे की पुढे काय येणार त्याचा अंदाज येत नाही. मग एक मायनर, म्हणजे उदास छटेच्या स्वरपंक्तीतला, भाग येतो, पुढे आणखी एक, अधिक काळा, ज्यात डावा हात नेहमीचा खाली-वर प्रवास जवळजवळ सोडून देतो. रॅगचा रिवाज नव्या सुरावटीवर संपण्याचा असतो. येथे जॉप्लिन पहिली सुरावट परत आणतो आणि तिला लहानसे पुच्छ जोडतो. ज्यांनी जॉप्लिन ‘द एंटरटेनर’पुरताच ऐकला आहे त्यांनी ही रचना आधी ऐकावी, मग ‘बेथेना’, मग ‘सोलेस’ ही मेक्सिकन ढंगाची सेरेनेड, आणि ‘मेपल लीफ रॅग’कडे सर्वांत शेवटी जावे, त्यातली पाचव्या मात्रागटापासून वर चढत जाणारी आकृती तेव्हा पुढच्या सगळ्या काळोख्या जागांची पहिली खूण म्हणून ऐकू येते.